क कितवा?

भालचंद्र कुलथे यांना आयुष्यात एकच गोष्ट नीट जमली, असे त्यांचे स्वतःचे मत होते, आणि ती म्हणजे क्रमांक घालणे. तहसील कचेरीत त्यांनी टंकलेखक म्हणून पस्तीस वर्षे काढली, पण साहेबांसमोर उभे राहून ते एखादे वाक्य ठामपणे बोलल्याचे कोणी ऐकले नव्हते. ‘बहुतेक’, ‘असावे’, ‘माझ्या माहितीप्रमाणे, पण खात्री नाही’ अशीच त्यांची वाक्ये सुरू होत आणि अर्ध्यावर विरून जात. मात्र चाळीस पानांची नियमावली समोर आली, तिच्यात नियम, पोटनियम, खंड, उपखंड असे थर दिसले, की हा माणूस खुर्चीत सरळ बसे. आकडे हाताने टाकणे त्यांना कमीपणाचे वाटे. मध्ये एक नियम घुसवला तर खालचे सगळे आपोआप पुढे सरकले पाहिजेत, एक काढला तर मागे आले पाहिजेत. कचेरीत त्यांना ‘नंबरवाले कुलथे’ म्हणत. त्यात थोडी थट्टा होती, पण ती त्यांनी कौतुक समजून जपली होती.

२०४७ सालच्या मार्चमध्ये कोरेवाडीच्या बारा नंबर चारीवर भांडण झाले आणि त्या भांडणाचे टोक या निवृत्त टंकलेखकाच्या दारात येऊन थांबले.

चारी म्हणजे मोठ्या कालव्यातून शेतांकडे जाणारी पाण्याची लहान वाट. बारा नंबरच्या चारीवर एकशे चौदा शेते होती आणि त्या शेतकऱ्यांची पाणी वापर संस्था होती. पूर्वी चारीची दारे उघडायला पाटकरी असे. तो सायकलवरून येई, शिव्या खाई आणि चहा पिऊन जाई. २०३९ नंतर त्याची जागा मोटारीवर चालणाऱ्या दारांनी घेतली, आणि ही दारे कोणाचेही ऐकत नसत. ती फक्त संस्थेची नियमावली वाचत.

यंत्राला मराठी वाक्य कळते यात तोपर्यंत नवल उरले नव्हते. अवघड होते ते वेगळेच. ‘मात्र’, ‘वरीलप्रमाणे’, ‘असे नसल्यास’ हे शब्द कशाला लागू आहेत हे यंत्राला वाक्यावरून ठरवता येत नसे. पुण्याच्या एका प्रयोगशाळेने त्यावर साधा उपाय काढला. नियमाचा अर्थ वाक्यापेक्षा त्याच्या पातळीवर ठरवायचा. वरच्या पातळीची अट खालच्या सगळ्यांना लागू, आणि खालच्या पातळीचा अपवाद फक्त आपल्या वरच्यापुरता. माणूस ज्याला समासातली मोकळी जागा समजत होता, तिच्यातच यंत्राला आज्ञा दिसू लागली. ही युक्ती इतकी चालली की पाच-सात वर्षांत कालव्याची दारे, दवाखान्यांचे औषधवाटप, पेन्शन, शिधा असे सगळे नियमपत्रांवरून आपोआप होऊ लागले. ही पत्रे एकमेकांना जोडलेली होती. एकातला क्रमांक हलला की त्याचा उल्लेख असलेली बाकीची सगळी त्याच क्षणी बदलत. पूर्वी एका फाइलीतले उल्लेख ताजे करायला कुलथे सगळा मजकूर निवडून एफ-नाइन दाबत. आता राज्यभराचा एफ-नाइन कोणीतरी कायमचा दाबून ठेवला होता.

बारा नंबर चारीची नियमावली कुलथ्यांनीच २०२६ मध्ये फुकट टाइप करून दिली होती. तिच्यातला नववा नियम टंचाईचा. पहिल्या पोटनियमात शेतांचे तीन गट होते: आधी कालव्याजवळची मुखाची शेते, मग मधली, मग चारीच्या शेपटाची. दुसरा पोटनियम एका वाक्याचा होता: ‘टंचाईच्या वर्षी पहिले पाणी (क) गटास द्यावे; त्याचे भिजल्यावरच इतरांस द्यावे.’

एकवीस वर्षांत टंचाई जाहीर झालीच नाही, म्हणून त्या वाक्याकडे कोणी पाहिले नाही. या मार्चमध्ये धरणात अठरा दिवसांपुरते पाणी उरले, टंचाई जाहीर झाली आणि संस्थेच्या फोनवर पाण्याच्या पाळ्यांचे पत्रक आले. पहिले पाणी मुखाला होते. मुखाला ऊस होता, आणि ऊस अठराही दिवस पिऊन टाकणार हे शेंबड्या पोरालाही कळत होते. शेपटाच्या एकेचाळीस शेतांत लिंबाच्या आणि डाळिंबाच्या बागा होत्या. त्यांत कुलथ्यांची एकुलती एक मुलगी रेश्मा हिची चारशे लिंबाची झाडे होती, बारा वर्षांची, ऐन फळावर आलेली.

घोळ एका अक्षराचा होता. आपल्याकडे माणूस बोलताना अ, ब, क, ड असे मोजतो. शाळेच्या तुकड्या तशा, संघ तसे, प्रश्नपत्रिकेतले प्रश्नही तसे. त्यात क तिसरा. पण राज्याने नियमपत्रांसाठी जो एकसारखा नमुना ठरवला त्यात क, ख, ग, घ होते. त्यात क पहिला. २०३९ मध्ये जुन्या फाइली या नमुन्यात ओतल्या गेल्या तेव्हा हजारो ठिकाणी अशी गल्लत झाली होती. कारण यादीतला आपोआप आलेला क्रमांक फाइलीत लिहिलेला नसतोच. फाइलीत फक्त ‘इथे तिसऱ्या पातळीची तिसरी ओळ आहे’ एवढी नोंद असते, आणि फाइल उघडेल तेव्हा यंत्र त्यावरून अक्षर काढून दाखवते. नमुना बदलला की अक्षर बदलते. वाक्यात हाताने टाइप केलेले अक्षर मात्र जसेच्या तसे राहते. यादीतला क उठून दुसरीकडे गेला तरी वाक्यातला क जुन्या जागेकडे बोट दाखवत बसतो.

“म्हणजे दोष सरकारच्या नमुन्याचा,” रेश्मा म्हणाली. ती सकाळी दहालाच मोटारसायकलवरून आली होती आणि ओट्यावर उभी राहूनच चहा पीत होती. “तुम्ही अ-ब-क केलं, त्यांनी क-ख-ग केलं. एवढं जाऊन सांगायचं. मसुदा करणाऱ्याचं निवेदन अखेरचं धरतात म्हणे.”

“मी अ-ब-कच केलं असणार. बहुतेक.”

“अण्णा, तिथं ‘बहुतेक’ म्हणू नका हां! पाया पडते तुमच्या.”

“नाही म्हणत.”

“शुक्रवारी दारं उघडतात. आज सोमवार. मसुदा नोंदणीच्या मुजावर मॅडमनी परवाची वेळ दिलीय. मी येते न्यायला.”

ती गेली. परवा ठामपणे बोलायचे तर आधी खात्री करून घ्यायला हवी. फाइल केव्हाच राज्याच्या नमुन्यात विरघळली होती, आणि छापील प्रत कोणाकडेच नव्हती. पण कपाटाच्या खालच्या खणात त्यांची एक वही होती. नव्या कारकुनांना शिकवायला त्यांनी ती स्वतःसाठी लिहून काढली होती: ‘अनेक पातळ्यांची यादी लावण्याची पद्धत’. अक्षर मोत्यासारखे. अकराव्या पानावर लाल शाईत लिहिले होते: ‘तिसऱ्या पातळीस आपल्या यंत्रात अ, ब, क उपलब्ध नाही. अ, आ, इ किंवा क, ख, ग एवढेच आहे. हाताने अ, ब, क टाइप करू नये. क, ख, ग निवडावे. बारा नंबर चारीच्या नियमावलीत असेच केले आहे.’

त्यांनी ते पान दोनदा वाचले. मग हळूहळू सगळे डोळ्यांपुढे आले. संस्थेच्या खोलीतला पंखा, मागे उभे राहिलेले अध्यक्ष, म्हणजे कुलथ्यांचा दोस्त नाना शेलार याचे वडील, आणि त्यांचा तो घाईचा आवाज: “अ मुख, ब मधलं, क शेपूट. टंचाईला आधी क. घाल रे लवकर, मंडळी खोळंबलीत.” कुलथ्यांनी यादी यंत्रातून लावली, क-ख-ग. उल्लेखसुद्धा यंत्राकडूनच घालून घ्यायला हवा होता, तो त्यांचा नियमच होता. पण मंडळी खोळंबली होती. त्यांनी ऐकलेले अक्षर बोटांनी तसेच टाइप केले: क.

दोष सरकारच्या नमुन्याचा नव्हता. नियम पहिल्या दिवसापासून चुकीचा होता, आणि चूक त्यांची होती. पस्तीस वर्षांत हाताने टाकलेला एकमेव क्रमांक.

त्यांना आश्चर्य एका गोष्टीचे वाटले. त्यांच्या मनात कुठेही ‘बहुतेक’ नव्हते. इतकी स्वच्छ खात्री त्यांना आयुष्यात कधी वाटली नव्हती.

बुधवारी ते रेश्माची वाट न पाहता सकाळच्या एसटीने एकटेच तालुक्याला गेले. स्टँडवर नाना शेलार भेटला. पाचवीपासूनचा दोस्त, मुखाकडचा सर्वांत मोठा ऊसवाला.

“काय भालू, क हरवलाय म्हणे तुझा? पोलिसात दे की तक्रार. रंग सावळा, पोटात गाठ, पाय एक.”

“नाना, काय ठरलं होतं तुला माहीत आहे. तू होतास तिथं.”

“होतो ना. चहा वाटत होतो.” नानाने तंबाखू मळली. “हे बघ, बापाने काय सांगितलं ते बापाबरोबर गेलं. कागद काय म्हणतो? क. कागदावर क कोण? आम्ही. मी काही कुणाचं चोरत नाही, मला जे लिहून दिलंय ते घेतो. आणि लिहून कोणी दिलंय, तर तू.”

त्याचे बोलणे बरोबर होते, हीच अडचण होती.

मसुदा नोंदणी कार्यालयात तहसीन मुजावर या अधिकारी होत्या. तिशीतली बाई, शांत, समोरच्याचे बोलणे पुरे होईपर्यंत टेबलावरचा हात न हलवणारी. त्यांनी कुलथ्यांना पाणी दिले आणि कोणत्या उत्तराचा काय अर्थ होईल ते समजावून सांगितले.

“काका, मी तुम्हाला एकच विचारणार. मूळ यादीत अक्षरं कोणती होती? तुम्ही म्हणालात अ-ब-क, तर तो रूपांतराचा दोष. मी आत्ता दुरुस्त करते, पाणी शेपटाला जातं. तुम्ही म्हणालात क-ख-ग, तर तो मूळ दोष. मग मला काही करता येत नाही. संस्थेने सभा घेऊन नियम बदलायचा, एकवीस दिवसांची नोटीस, दोन तृतीयांश मतं.”

“पाणी अठरा दिवसांचं आहे.”

“माहीत आहे.”

“आणि मनात काय होतं, ते विचारत नाही का?”

“पूर्वी विचारायचो. मग प्रत्येकाच्या मनात सोयीचंच निघायला लागलं.”

कुलथ्यांनी दोन्ही उत्तरे मनात तोलून पाहिली. अ-ब-क म्हणणे म्हणजे सरळ खोटे बोलणे, तेही ज्यात पोरीची बाग आहे त्या बाबतीत. ते शब्द तोंडातून बाहेरच येईनात. क-ख-ग म्हणणे म्हणजे खरे बोलणे, आणि एकेचाळीस बागा जाळणे.

मुजावरबाईंनी त्यांच्याकडे जरा वेळ पाहिले. “तिसरंही उत्तर आहे. आठवत नाही. मसुदा करणारी कितीतरी माणसं आता वारली, कितीतरी थकली, म्हणून कायद्याने धरलंय की आठवत नसेल तर दोष रूपांतराचाच. म्हणजे पाणी शेपटाला. पण त्याचं एक आहे, आणि ते आधी सांगणं माझं काम आहे. सत्तरीपुढच्या माणसाने अधिकृत निवेदनात ‘आठवत नाही’ म्हटलं, की ते वाक्य इथंच राहत नाही. ते तुमच्या व्यक्तिपत्राला जोडलं जातं. तिथून बँकेला, दवाखान्याला, मतदारयादीला. मला थांबवता येत नाही.”

“सही एकट्याची चालणार नाही.”

“नाही.”

“साक्ष चालणार नाही. मसुदा करता येणार नाही. कुणाच्या तरी देखरेखीखाली नाव जाईल.”

“तुम्हाला बरंच माहीत आहे, काका.”

“वरची अट खालच्या सगळ्यांना लागू,” कुलथे म्हणाले.

त्यांनी चष्मा काढून पुसला. आयुष्यभर त्यांना पक्के माहीत असलेल्या गोष्टींनाही ते ‘नक्की आठवत नाही’ म्हणत आले होते. कोणी वाद घालू नये, कोणी आपल्याकडे पाहू नये, एवढ्याचसाठी. तेव्हा त्याची किंमत काहीच पडत नव्हती. चष्मा पुन्हा लावून ते म्हणाले, “मॅडम, मला आठवत नाही.”

“पूर्ण वाक्य बोलावं लागेल.”

“बारा नंबर चारीच्या नियमावलीतील नववा नियम, पहिला पोटनियम. मूळ यादीतील अक्षरे कोणती होती ते मला आठवत नाही.”

ज्याला काही आठवत नाही असा माणूस नियमाचा क्रमांक इतक्या चोख सांगत नसतो. मुजावरबाईंचा हात टेबलावरून किंचित उचलला गेला. मग त्यांनी नोंद केली.

शुक्रवारी दारे उघडली आणि पाणी मुख सोडून सरळ शेपटाकडे गेले. दुसऱ्या दिवशी दुपारी नाना शेलार आला. तो ओट्यावर बसला नाही.

“तुला आठवत नाही? तुला पाचवीच्या पटावरची सगळी नावं नंबरवारी येतात. सतरा नंबर कोण?”

“सतरा तूच, नाना.”

“मला हरकत घेता येते. सोमवारपर्यंत मुदत आहे.”

“घे.”

नाना उन्हात उभा राहिला. “घेतली तर मलाही शपथेवर बसवतील. त्या दिवशी तिथं कोण होतं, कोण काय म्हणालं. मी चहा वाटत होतो म्हणून बहिरा नव्हतो, एवढं त्यांनाही कळेल.” तो फाटकाशी गेला आणि वळून मोठ्याने, एकेक शब्द सुटा करत म्हणाला, “भालू! आज! शनिवार! आहे! कळलं का?” समोरच्या दुकानातली माणसे वळून पाहू लागली. नानाने हरकत घेतली नाही. पण त्या दिवसापासून चारचौघांत तो कुलथ्यांशी याच आवाजात बोलू लागला, आणि हळूहळू गावही.

बाकीचे आपोआप झाले. मंगळवारी औषधाच्या दुकानातल्या यंत्राने रक्तदाबाच्या गोळ्या द्यायला दुसरी सही मागितली. गुरुवारी वाचनालयाच्या कार्यकारिणीतून त्यांचे नाव उतरले. तिथल्या ग्रंथपालाला वाईट वाटले, पण त्याने काही केले नव्हते आणि त्याला काही करताही येत नव्हते. जिथे जिथे त्यांच्या नावाचा उल्लेख होता, तिथे तिथे तो ताजा होत होता.

रविवारी रेश्मा आली. वडिलांना तिच्या देखरेखीखाली घेण्याचा कागद तिच्या फोनवर आला होता. ती आली ती सरळ आत, चप्पलसुद्धा दारात नीट काढली नाही.

“अण्णा, कधीपासून होतंय हे?”

“काय?”

“विसरायला. मला आधी का नाही सांगितलंत? मी आपली तुम्हाला ‘बहुतेक म्हणू नका’ म्हणून दटावत होते. तुम्हाला खरंच आठवत नव्हतं, आणि मी...”

कुलथ्यांना वाटले, सांगून टाकावे. पण रेश्मा लहानपणापासून खोटे तासभरही पोटात ठेवू शकत नसे. ती तडक तालुक्याला गेली असती, बापाचे डोके शाबूत आहे म्हणून भांडली असती, आणि शेपटाची दारे बंद झाली असती. पाणी अजून तिच्या बागेपर्यंत पोचायचे होते. आणि पोचून गेल्यावर तरी काय सांगायचे? एकेचाळीस शेतांनी खोट्यावर मिळालेले ते पाणी पिऊन टाकलेले असणार.

“अधूनमधून होतं,” ते म्हणाले.

तिने डोळे पुसले. मग ती त्यांच्या शेजारी बसली आणि तिने मांडीवर संगणकाची पाटी उघडली. कुटुंबपत्र, म्हणजे घरातल्या माणसांची सरकारी यादी, ज्याचे त्याने स्वतः भरायचे असते. तिच्या पत्रात एक नंबरला ती स्वतः होती, तिच्याखाली आतल्या बाजूला तिची दोन मुले. कुलथ्यांचे नाव त्यांच्या स्वतःच्या पत्रावरून उतरून इथे आले होते. ते तिच्याखाली जायला हवे होते. ती पुन्हा पुन्हा प्रयत्न करत होती, आणि प्रत्येक वेळी ते बाहेर येऊन दोन नंबरला, स्वतंत्र बसत होते.

“हे असं का करतंय? मी खाली टाकतेय, हे बाहेरच येतंय. सरकारी मदत वाचली, त्यातलं काही कळत नाही.”

“तू जागा सोडून सरकवतेयस.”

“मग काय करू?”

“जागा सोडून पातळी बदलत नाही. ती फक्त दिसते बदललेली.” त्यांनी चष्मा सावरला आणि बोटाने दाखवले. “ओळीच्या अगदी सुरुवातीला जा. माझ्या नावाच्या आधी. हां. आता टॅबची कळ दाब.”

रेश्मा थांबली. तिने त्यांच्याकडे पाहिले, जरा जास्तच वेळ.

“हे बरं आठवतं तुम्हाला.”

“हे आठवतं,” कुलथे म्हणाले.

तिने टॅब दाबली. ओळ थोडी आत सरकली, आणि खालचे क्रमांक आपोआप नीट लागले.